हिरवं लेबल

—नाही, मॅडम, तिथं नका उभ्या राहू, तिथं उडतं. इकडे या, पंख्याखाली. हां, बसा त्या स्टुलावर, आत्ताच पुसलंय. रुमाल लावा नाकाला, खुशाल लावा, मला राग नाही येत—तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नसेल, आणि कंपनीनं तुम्हाला धाडलं कुठे, तर पनवेलात चिकनच्या गाळ्यावर! दुसरं कुणी नव्हतं का एचआरमध्ये? हेतल मॅडम ना? हां, हेतल मॅडम. मघाशी तुम्ही बोललात ते सगळं ऐकलं मी, हात चालू होता पण कान तुमच्याकडेच होते. गुजरातमध्ये नवीन प्लांट, क्वालिटीचा हेड, क्वार्टर, गाडी—आणि बदल्यात एका कागदावर सही. बरोबर ना? बरोबर. आज गुरुवार म्हणून बरं, आमच्याकडे गुरुवारी कोण खातंय. रविवारी आल्या असतात तर लोकांनी तुम्हालापण लाइनीत उभं केलं असतं, फाईलसकट.

आवाज? तो होय—पिसं काढायचं मशीन आहे मागे. ड्रम असतो, आतून रबराची बोटं, गरम पाण्यातनं काढलेला पक्षी टाकायचा, गरगर फिरतो, मिनिटभरात नागडा. इथं जरा ओरडूनच बोलावं लागतं, घसा बसतो, मग सवय होते. मागे कोण आहे? चंद्रावती. हो, तीच. तुमच्या फाईलमध्ये ज्याचं नाव आहे ना, जगन, आपटा गावचा, ऑपरेटर—त्याची बायको. अहो, उठताय कशाला, बसा! तिला काही ऐकू जात नाही. मशीन चालू असलं की शेजारी बॉम्ब फुटला तरी... बॉम्ब मी तरी म्हणू नये. मीच ठेवलंय तिला इथं, दोन वर्षं झाली. ढाब्याची ऑर्डर आहे, चाळीस पक्षी, चार-चार टाकते ती, बराच वेळ चालेल. मधे मशीन थांबलं की मी गप्प होईन, तुम्हीपण व्हा, म्हणजे झालं.

एम.एस्सी., ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फर्स्ट क्लास—आणि सदतिसाव्या वर्षी कोंबड्या कापतोय. हसा की. सगळे हसतात. निकाल लागला तेव्हा नेऱ्याच्या नाक्यावर बॅनर होता माझा, टाय लावलेला फोटो, खाली 'परेशदादा, गावाची शान'. टाय स्टुडिओवाल्याचा होता. आता तीच पोरं इथनं जाताना बोर्ड वाचतात, 'एम.एस्सी. चिकन सेंटर'. मी नव्हतं लिहायला सांगितलं, पेंटरचा चावटपणा, म्हटलं राहू दे. पण मॅडम, शपथेवर सांगतो, डिग्री वापरली ती मी इथंच. ते बघा भिंतीला, थर्मामीटर, लॅबचं आहे. पाणी साठच्या वर गेलं की कातडी फाटते, खाली आलं की पिसं निघत नाहीत. बाकीचे बोट बुडवून बघतात. मी मोजतो. इथं मी सगळं मोजतो.

थांबा, हा एक करून घेतो, गिऱ्हाईक येईल न्यायला. बघवत नसेल तर रस्त्याकडे बघा. दोन्ही पंख मागे, एका हातात, मान इथं, एक झटका. झालं. आता शांत आहे माझा हात. पहिल्या दिवशी एवढा थरथरला की पक्षी अर्ध्या मानेनं सुटला आणि दुकानभर—भिंतीला, वजनकाट्याला, माझ्या तोंडावर. गिऱ्हाईक पळालं. मी त्याला कोपऱ्यात गाठला आणि पाय धरून ठोकळ्यावर आपटला. मेला. तरी आपटत राहिलो. पिसाळल्यासारखा आपटत राहिलो, आणि आपटता आपटता, मॅडम, मला बरं वाटायला लागलं. हे मी कुणाला बोललेलो नाही. तुम्हाला का बोलतोय कोण जाणे. आता दिवसाला शंभर कापतो, रविवारी चारशे. आणि झोप लागते. इथं कसं आहे, जे मारलं ते समोर असतं, हाताला लागतं, नळाखाली धुतलं की जातं. लॅबमध्ये तसं नव्हतं.

लॅबमध्ये काय करत होतो सांगू? पाणी मोजत होतो. दहा वर्षं. सॉल्व्हंटचा ड्रम आला की त्यातनं नमुना काढायचा, मशीनवर लावायचा, पाण्याचा अंश किती तो रजिस्टरमध्ये लिहायचा. वीस मिनिटांचं काम. तोवर ड्रमवर पिवळं लेबल—टेस्ट बाकी. नापास झाला तर लाल. पास झाला तर हिरवं, आणि हिरव्यावर माझी सही. ऑपरेटरनं रंग बघायचा, बास. हिरवं असेल तर ड्रम उचलायचा आणि रिॲक्टरला, माल बनतो त्या टाकीला, जोडायचा. दहावीचा पोरगा करेल असं काम आणि मी, गावाची शान! तिशी पाण्यात गेली माझी. चौतिसाव्या वर्षी माणूस कंपनीच्या बसमध्ये बसतो ना, तेव्हा रोज एकच वाटतं—हे आपलं नव्हे, आता नाही निघालो तर इथंच मरणार. तुम्ही तिशीच्या असाल, कळेल तुम्हालापण. मी ऑनलाइन कोर्स केला, औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासायचा, एसीत बसून, कॉम्प्युटरवर. अर्ज किती केले देवाला ठाऊक. कुणी विचारेना—'सर, तुमचा अनुभव फक्त टेस्टिंगचा'. शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं. फोनवर इंटरव्ह्यू, मंगळवारी, सकाळी अकरा. तो मंगळवार... जाऊ दे. कुठे होतो मी?

श्श. थांबलं मशीन. हां, तर मॅडम, सूप करायचं तर पायच घ्यायचे, पायांना चव असते, चांगले चेचायचे, आलं घालायचं, मिरी घालायची, सर्दी कुठल्या कुठे—लागलं परत. चार झाले, दुसरे चार टाकले, आता बंद न करताच टाकत जाईल. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या मंगळवारचं तुमच्या कागदात दीड ओळीत आहे. मी सांगतो. रिॲक्टरमध्ये जो माल होता त्याचं पाण्याशी हाडवैर. पाणी लागलं की पेटतो, आणि नुसता पेटत नाही, झाकण घेऊन वर जातो. जगननं ड्रम जोडला आणि कॉक उघडला. मी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये होतो, खिडकी चौकटीसकट आत आली. धावलो. पत्रे लोंबत होते, एक पंप भिंतीत घुसून बसला होता, आणि त्या धुरातनं जगन आला. चालत. लोकांना वाटतं जळालेला माणूस ओरडतो. तो ओरडत नव्हता. हात पुढे धरलेले, कुणी ताट देणार असल्यासारखे, आणि हातांची कातडी उतरून बोटांच्या टोकांना लोंबत होती. इथं गरम पाण्याच्या कढईतनं पक्षी काढताना रोज—नको. पाणी पिता का? गेटपर्यंत मीच नेला त्याला. धरायला जागा नव्हती अंगावर, पट्ट्याला धरून नेला. चंद्रावतीला मी सांगितलंय, शेवटी तुझं नाव घेतलं त्यानं, दिपिकाला शिकव म्हणाला. दिपिका म्हणजे पोरगी त्याची, यंदा दहावीला ब्याण्णव टक्के मिळाले. चंद्रावती ते वाक्य अजून सांगते लोकांना, पदर डोळ्याला लावून. खोटं आहे ते. बायकोचं नाव नाही घेतलं त्यानं, पोरीचं नाही. पापण्या जळाल्या होत्या, डोळे मिटतच नव्हते, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'सायब, लेबल हिरवाच व्हता ना?' मी म्हटलं, हो रे जगन, हिरवंच होतं. गाडीत घातला, पनवेलपर्यंतसुद्धा नाही पोचला तो.

मग कुमार साहेबांना मारलं ते. तुमच्याकडे अजून सांगतात म्हणे ती गोष्ट. आपट्याहून दोनशे माणूस आलं होतं गेटवर, बायका छाती पिटत होत्या, दगड पडत होते, आणि आमचे प्रॉडक्शन मॅनेजर कुमार साहेब आतून धावत आले. वेडा माणूस! अशा वेळी गेटवर येतं का कोणी? मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्यांच्या तोंडावर घातलं. पहिल्या फटक्यात दात गेले. खाली पडले तर छातीवर बसलो आणि घालत राहिलो, कड डोळ्यात गेली, मला हाताला कळलं ते, काहीतरी मऊ फुटल्याचं. मग गाव घुसलं. गावाला काय, कुणीतरी सुरुवात करायची होती. लाथा, काठ्या, एका बाईनं चप्पल कोंबली तोंडात. वाचले, पण डोळा गेला. पोलिसांनी लिहिलं 'जमाव'. पहिला फटका कुणाचा ते आजपर्यंत गावानं सांगितलेलं नाही. का सांगतील? मी हिरो होतो! शर्टपँटमधला साहेब असून जगनसाठी उभा राहिला म्हणून खांद्यावर घेतलं मला, मॅडम, रक्तानं भरलेल्या शर्टासकट. जगनच्या तेराव्याला चंद्रावती सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली. भाऊबीजेला ओवाळते. मी ताई म्हणतो तिला, वयानं लहान असेल, तरी ताईच म्हणतो.

पण कुमार साहेब धावत का आले, हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही विचारलंत. हातात काय होतं त्यांच्या, हेही नाही. माझं रजिस्टर होतं. मला शोधत होते ते, गर्दीत, दोनशे माणसांसमोर, आणि मला बघितल्याबरोबर ओरडले, 'परेश, ये रीडिंग तो—' एवढंच. पुढचं वाक्य मी त्यांच्या तोंडातच फोडलं. जगनसाठी बिगनसाठी काही नाही मारलं, मॅडम. तोंड बंद करायला मारलं.

काय बघताय? तुम्हाला माहीत नव्हतं? मग तिसऱ्या पानावर झेरॉक्स कशाची लावलीय तुम्ही? मघाशी पान उलटताना दिसली मला. माझंच अक्षर. सोमवारी शून्य पॉइंट शून्य तीन. मंगळवारी शून्य पॉइंट शून्य तीन. दोन वेगळे ड्रम आणि पाणी थेंबाथेंबानं सारखं! कुठला केमिस्ट विश्वास ठेवेल? कुमार साहेबांनी एका नजरेत ओळखलं. ड्रम आला पावणेअकराला आणि माझा इंटरव्ह्यू अकराला. नमुना लावायचा तर वीस मिनिटं. म्हटलं, रोज तेच येतं, आजपण तेच येणार, एम.एस्सी. माणसानं किती वेळा पाणी मोजायचं! वरच्या ओळीचा आकडा खाली उतरवला, हिरव्या लेबलवर सही ठोकली आणि फोन घेऊन खिडकीत उभा राहिलो, तिथं रेंज यायची. आणि तो आला खिडकीखाली. जगन. वर बघून म्हणतो, 'सायब, ह्यो ड्रम कालचा नाय, आजचा हाय. टेस्ट झाली ना?' विचारलंन त्यानं मला! बाकी कुणी विचारत नव्हतं, रंग बघायचे आणि उचलायचे, हा एकटा विचारायचा. फोनवर बाई विचारत होती, तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू कोणती? मी तिला म्हटलं, अचूकपणा. आणि खाली जगनला अंगठा दाखवला. हा असा. हाच अंगठा.

सिलेक्ट झालो, बरं का. संध्याकाळी मेल आली मोबाइलवर, 'आम्हाला कळवण्यास आनंद होतो'. मी पोलीस स्टेशनच्या नळावर हात धूत होतो. नाही गेलो पुण्याला. कसा जाणार? वर्षभर घरात पडून होतो, वडील ताट सरकवायचे आणि तोंड फिरवायचे. मग हे दुकान. लोक म्हणतात, शिकून वाया गेला. मी म्हणतो, हो.

आता तुमचा कागद. 'मयत ऑपरेटर जगन यांनी पिवळे लेबल असलेला ड्रम परवानगीशिवाय उचलला.' वा! जगननं? पिवळ्या लेबलाच्या ड्रमवर तो जेवणाचा डबासुद्धा टेकवायचा नाही, मॅडम. पण मेलाय ना तो. माझी झेरॉक्स कोर्टात गेली तर मीही आत जातो आणि तुमचे साहेबलोकही. जगनवर टाकलं की सगळे मोकळे. चंद्रावतीनं कंपनीवर घातलेली भरपाईची केस तेवढी संपते. डोकं चांगलं आहे कुणाचंतरी तुमच्याकडे. मला शिव्या द्याव्याशा वाटतायत, तुम्ही बाई माणूस म्हणून गप्प आहे. मघाशी तुम्ही फाईल उघडलीत तेव्हा एकदा मनात आलं, सत्तूर घालावा—तुम्हाला नाही हो, फाईलवर. बसा.

पण सही करणार आहे मी. हो. खरंच. तुम्ही आलात तेव्हाच ठरलं होतं, एवढं बोललो ते उगाच. 'हेड—क्वालिटी', खाली माझं नाव, नावापुढे एम.एस्सी.—किती वर्षांनी छापलेलं बघितलं. पांढरा कोट मिळेल. हाताला वास येणार नाही. एकदा तरी, चाळिशीच्या आत, जे शिकलो ते करावं माणसानं, की ते पण नाही? आणि कोर्टाची भीती म्हणाल तर मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मी भीतीपोटी नाही करत. चंद्रावतीचं मी बघेन तिथनं. दिपिकाचं कॉलेज मी बघेन. परवा विचारत होती, काका, सायन्स घेऊ का? मी म्हटलं, घे. काय चुकलं माझं? जगनला काय, हिरवं असो नाहीतर पिवळं, त्याला आता काय फरक पडतो? आणि ताईला कोण सांगणार आहे? कागद इंग्रजीत, ती इथं पिसांत. मरेपर्यंत तिला कळणार नाही की भाऊबीजेला तिनं ओवाळलं ते कुणाला! द्या पेन. इथं ना? आणि मग तिथंही? बरं. बघा, हात हलत नाही. रक्ताचं बोट उमटलं कोपऱ्यात, चालेल? झेरॉक्समध्ये काळंच येईल.

मी एवढा ओरडतोय का, मॅडम?

रस्त्यावरनं लोक बघतायत म्हणून विचारलं. आणि तुम्ही कुठे बघताय—माझ्याकडे बघा ना, माझ्या मागे काय... पंखा चालू आहे. म्हणजे लाइट गेलेली नाही. चाळीस पक्षी. चार-चार. दहा फेऱ्या, फेरीला दोन मिनिटं—वीस मिनिटं. वीसच मिनिटं होती माझ्याकडे. पाण्याला थर्मामीटर लावला मी, आणि हे मोजलं नाही.

ताई. मशीन कवा बंद केलास गो? ... काय आयकलास? ... अंगठ्याचा आयकलास? बोल ना काय तरी. अशी उभी नको राहू. पिसा पुस तोंडावरची. ताई, शिव्या दे, थुक माज्यावर... बोलत नाय तर नको बोलू. सत्तूर हाय तिथं, लाकडाच्या ठोकल्यावर, तुज्या उजव्या हाताला. हां. घट्ट धर, मूठ वली हाय, निसटंल. मी नाय हलत.

मॅडम, उठा. पेन घ्या तुमचं. फाईल घ्या—नाही, झाली नाही सही, अर्धंच नाव झालंय, राहू दे तसंच. उठा म्हणतो ना! आणि जाताना शटर खाली ओढा.